दांतावरील टोपण आणि त्याची कड



चहाचा जुना कप कोठें फुटलेला असतो, हें आपण कधीं नीट पाहिलें आहे काय? बुडाशीं क्वचित्, मधोमध तर त्याहूनहि क्वचित्. टवका उडतो तो कडेचा. घरांतील लोणच्याच्या बरणीचीहि तीच गोष्ट. तोंडाची कड आधीं जाते, मग तेथून केसासारखी एक बारीक रेघ खालीं उतरते, आणि एके दिवशीं बरणीचीं दोन शकलें होतात. आजच्या भाषणाचा विषय अशीच एक कड आहे. मात्र ती कपाची नव्हे आणि बरणीचीहि नव्हे. किडलेला किंवा झिजलेला दांत चोहों बाजूंनीं कोरून दंतवैद्य त्यावर चिनी मातीचें जें टोपण बसवितात, ज्यास आपण सारे ‘कॅप’ म्हणतों, त्या टोपणाची हिरडीजवळची कड, हा आजचा विषय होय.

विषय दिसावयास अगदीं लहान आहे. ही कड रुंदीनें जेमतेम १ मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्या पावहिश्शाइतकी असते. परंतु तेवढ्यासाठीं शंभराहून अधिक वर्षें तज्ज्ञांचा वाद चालला आहे, आणि तो पोकळ नाहीं. टोपणास टेकावयास जागा हवी म्हणून जी पायरी कोरावयाची, ती जिवंत दांतांतून कोरावयाची असते. हाड मोडलें तर सांधतें, कातडी कापली तर भरून येते. पण दांताचा कोरलेला भाग पुन्हां उगवत नाहीं. टोपण टिकावें म्हणून दांत किती खर्ची घालावा, हा त्या वादाचा खरा अर्थ आहे. तो वाद कसा उत्पन्न झाला आणि आज कोठवर येऊन ठेपला आहे, हें सांगण्याचें मी योजिलें आहे.

चिनी माती मनुष्याच्या तोंडांत कशी शिरली, येथून आरंभ करूं. अठराव्या शतकापर्यंत युरोपांतील श्रीमंतांचे कृत्रिम दांत हस्तिदंताचे, पाणघोड्याच्या सुळ्याचे, किंवा मेलेल्या माणसांच्या तोंडांतून काढलेले असत. तोंडांतील ओलाव्यानें हे पदार्थ कुजत, काळे पडत, आणि त्यांना दुर्गंधी सुटे. पॅरिसजवळ सॅं-जेर्मेन-आं-ले या गांवीं आलेक्सी द्युशातो नांवाचा एक औषधविक्रेता होता. त्याला आपल्या हस्तिदंती कवळीचा वीट आला. त्यानें १७७४ सालीं चिनी मातीच्या एका कारखान्याची मदत घेऊन त्या मातीची कवळी भाजवून घेतली. युरोपच्या दृष्टीनें ही माती तेव्हां नवीच होती. जर्मनींतील माइसेन येथें तिचा कारखाना निघाल्यास, म्हणजे १७१० सालापासून, अवघीं ६४ वर्षें झालीं होतीं. भाजतांना ती आकसते, म्हणून द्युशातोचे पहिले प्रयत्न फसले. पुढें निकोला द्युब्वा द शेमां या दंतवैद्यानें त्यांत सुधारणा केली, १७८८ सालीं त्यावर पुस्तिका काढली, आणि राज्यक्रांतीच्या धामधुमींत फ्रान्स सोडून तो आपली विद्या इंग्लंडांत घेऊन गेला. १८०८ सालीं पॅरिसमध्यें फोंझी नांवाच्या इटालियन दंतवैद्यानें एकेक सुटा दांत भाजून त्यांत प्लॅटिनमची आंकडी बसविली. तेव्हांपासून चिनी मातीचे दांत व्यवहारांत खऱ्या अर्थानें रुळले.

परंतु हे सारे दांत जेथें मूळचा दांत उरलाच नाहीं, अशा ठिकाणचे. ज्याचें मूळ शाबूत आहे त्या दांतासाठीं रीत निराळी होती. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानें १७२८ सालच्या आपल्या ग्रंथांत वर्णिल्याप्रमाणें, दांताच्या मुळांत खुंटी बसवून तीवर कृत्रिम दांत चढवीत. एकोणिसाव्या शतकांतहि हाच प्रघात होता. त्यासाठीं उरलासुरला दांत हिरडीशीं सपाट कापून टाकावा लागे. रोग्याचा दांत वांचविण्याच्या नांवाखालीं दांतच नाहींसा करावा, असा हा प्रकार होता.

याला पहिला समर्थ पर्याय दिला तो अमेरिकेंतील डेट्रॉइट शहराच्या चार्ल्स हेन्री लँड या दंतवैद्यानें. लँडचा जन्म १८४७ चा व मृत्यु १९२२ चा. १९२७ सालीं एकट्यानें विमान हांकून न्यूयॉर्कहून पॅरिस गांठणारा चार्ल्स लिंडबर्ग हा याच लँडच्या मुलीचा मुलगा. लँडचें म्हणणें असें कीं, दांत कापून टाकण्याऐवजीं त्याची केवळ बाहेरची साल काढावी, निमुळता खुंट तसाच उभा ठेवावा, आणि त्यावर चिनी मातीचा अंगरखा चढवावा. म्हणूनच या टोपणास इंग्रजींत जॅकेट हें नांव पडलें. त्यानें १८८९ सालीं त्याचें पेटंट घेतलें व १९०३ च्या सुमारास आपली सुधारलेली रीत व्यवसायबंधूंपुढें मांडली.

त्याची युक्ति मोठी सुंदर होती. खुंटाच्या मापावर प्लॅटिनमचा अत्यंत पातळ वर्ख दाबून बसवावयाचा. त्या वर्खावर चिनी मातीची भुकटी पाण्यांत कालवून दांताचा आकार द्यावयाचा, आणि वर्खासकट सारें भट्टींत घालावयाचें. माती सुमारें १३०० अंश सेंटिग्रेडवर भाजून एकजीव होते. प्लॅटिनम वितळावयास १७६८ अंश लागतात, त्यामुळें वर्ख जसाच्या तसा राहतो. भाजतांना मातीचें आकारमान तिसऱ्या हिश्शानें किंवा त्याहूनहि अधिक घटतें. म्हणून टोपण आधीं मोठें घडवून, भर घालीत पुन्हां पुन्हां भाजावें लागे. शेवटीं वर्ख सोलून काढला कीं त्याच्या जाडीइतकी जी पोकळी उरे, तींत चिकटविण्याचें सिमेंट बसे. टोपण दिसावयास अस्सल दांतासारखें होई. सोन्याच्या टोपणांनीं हंसणाऱ्याचें तोंड सराफाच्या दुकानासारखें दिसे, त्यापुढें हा चमत्कारच होता.

पण हा चमत्कार फुटत असे. तो कां फुटे हें समजण्यासाठीं क्षणभर दांत बाजूस ठेवूं. माझा सारा जन्म खडू हातांत धरण्यांत गेला, तेव्हां दाखलाहि खडूचाच देतों. खडू टेबलावर उभा धरून वरून अंगठ्यानें दाबा. बराच जोर केला तरी तो टिकतो. तोच दोन्ही हातांत आडवा धरून किंचित् वांकवा, तत्काळ मोडतो. वांकवितांना त्याची एक बाजू दाबली जाते व दुसरी ताणली जाते, आणि तुटण्यास आरंभ होतो तो ताणलेल्या बाजूनें. खडू, दगड, कांच आणि चिनी माती हीं सर्व एकाच गोत्राचीं. दाब सोसावयास बळकट, ताण सोसावयास दुबळीं. आपल्या जुन्या गवंड्यांस हें पुस्तकांवांचून ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं दगडाच्या कमानी उभारल्या. कमानींत प्रत्येक दगड शेजारच्या दगडास दाबीत असतो, त्यांना ओढून तोडूं पाहणारें बळ मात्र जवळजवळ उरतच नाहीं.

याचें गणित विसाव्या शतकांत झालें. १९१३ सालीं केंब्रिजचे चार्ल्स इंग्लिस यांनीं जहाजें बांधणाऱ्या इंजिनिअरांपुढें एक निबंध वाचला. धातूच्या पत्र्यास वाटोळें भोक असलें तर भोकाच्या कडेशीं ताण तिप्पट होतो, हें आधींच माहीत होतें. इंग्लिस यांनीं दाखविलें कीं भोक लांबट असेल, त्याची लांबी रुंदीच्या दसपट असेल, आणि ओढ त्या लांबीशीं काटकोनांत असेल, तर टोंकाशीं ताण एकवीसपट होतो. भोंक जितकें अरुंद व त्याचें टोंक जितकें अणकुचीदार, तितका तेथें ताण अधिक. मग इंग्लंडांतील फार्नबरोच्या विमानसंशोधन संस्थेंतील ए. ए. ग्रिफिथ यांनीं कांचेवर प्रयोग करून १९२१ सालीं असें प्रतिपादिलें कीं कांच कमकुवत असते ती तिच्या द्रव्यामुळें नव्हे, तर तिच्या अंगावरील डोळ्यांस न दिसणाऱ्या चिरांमुळें. कापडाचा दुकानदार आधीं कात्रीनें इवलीशी चीर देतो आणि मग तेथूनच कापड सर्रकन् फाडतो. कात्री न लावतां तेंच कापड त्याच्यानें फाडवणार नाहीं. कांचेला व चिनी मातीला अशा चिरा जन्मतःच असतात. त्यांत ओलाव्याची भर पडली कीं चिरा हळूहळू वाढतात. आणि तोंड तर अहोरात्र ओलें!

आतां पुन्हां दांताकडे येऊं. कोरलेला दांत म्हणजे वर निमुळता होत गेलेला एक खुंट. त्यावर टोपण, म्हणजे जणूं उपडा घातलेला पेला. या पेल्याची कड खुंटाच्या पायथ्याशीं तीन प्रकारें टेकूं शकते. पहिल्या प्रकारांत पायथ्याशीं कांहींच पायरी नसते. टोपण पातळ होत होत सुरीच्या धारेप्रमाणें संपतें. दुसऱ्या प्रकारांत पायथ्याशीं पन्हळीच्या तळासारखा एक खोलगट उतार कोरतात. दंतवैद्य त्याला चॅम्फर म्हणतात. तिसऱ्या प्रकारांत सरळ आडवी पायरी कोरतात. तिचें नांव खांदा. धारेसाठीं दांत सर्वांत कमी कोरावा लागतो, उतारासाठीं त्याहून अधिक, आणि खांद्यासाठीं सर्वांत जास्त.

घांस चावतांना टोपणावर वरून भार पडतो. खांदा असेल तर टोपणाची कड पायरीवर बसते, आणि भार दाबाच्या रूपानें दांतांत उतरतो. चिनी मातीला दाब मानवतो. पायरी नसेल तर निमुळता खुंट पाचरीसारखें काम करतो. टोपण खालीं रेटलें गेलें कीं खुंट त्याला आंतून फांकवूं पाहतो आणि कडेचें सारें वर्तुळ ताणलें जातें. लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवितो, तेव्हां धाव लाकडाला आवळते आणि स्वतः ताणलेली राहते. लोखंड तो ताण जन्मभर सोसतें. परंतु चिनी मातीची धाव चढविणारा लोहार अद्याप जन्मास यावयाचा आहे!

म्हणून लँडच्या पिढीनंतरच्या दंतवैद्यांनीं चिनी मातीच्या टोपणासाठीं सभोंवार पूर्ण खांदा हाच नियम ठरविला. तरीहि टोपणें फुटत. त्यांतील एक प्रकार इतका परिचित झाला कीं त्याला अर्धचंद्राचें नांव मिळालें. पुढच्या दांताचा खुंट फार आंखूड कोरला गेला, तर चावतांना टोपणाच्या टोंकावर येणारा भार खुंटाच्या माथ्यावरून निसटतो, टोपण पुढें कलूं पाहतें, आणि ओठाच्या बाजूस हिरडीजवळ त्याचा चंद्रकोरीएवढा तुकडा निखळतो. खांदा होता, माती चांगली भाजलेली होती. पण खुंट आंखूड असल्यामुळें कडेवर जो भार यावयास नको तो आला. फुटलेल्या तुकड्याचा आकारच दोष कोठें आहे तें सांगत असे.

आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. खुंटाच्या माथ्यावर धारदार कंगोरा राहिला, तर टोपणाच्या आंतल्या अंगास तशीच एक तीक्ष्ण खांच पडते. आणि खांच म्हणजे इंग्लिस यांच्या हिशेबांतील अणकुचीदार टोंक. तसेंच खांदा व खुंट यांच्या मिलाफाशीं धारदार काटकोन ठेवला, तर ताण दांतांतच एकवटतो, आणि टोपणाची कड त्या कोनांत नेमकी बसविणें कठीण जातें. म्हणून खांदा ठेवावा, पण त्याचे कोन बोथट करावे, असा संकेत पुढें रूढ झाला. हा खांदा आणि खोलगट उतार यांत मग फारसें अंतर राहिलें नाहीं. दोन प्रतिस्पर्धी वाद करतां करतां एकमेकांजवळ आले.

येथें असा प्रश्न येईल कीं धारेची कड मुळांत आली कोठून? ती आली सोन्याबरोबर. सोनें ताणलें तर लांबतें, तुटत नाहीं; त्यामुळें सोन्याच्या टोपणाला पातळ धार चालते, आणि दांतहि थोडकाच कोरावा लागतो. १९६२ सालीं अमेरिकेंत वाइनस्टीन व त्यांचे सहकारी यांनीं धातूच्या टोपणावर चिनी माती भाजून चढविण्याच्या कृतीचीं पेटंटें घेतलीं. धातु तापला कीं प्रसरण पावतो, मातीहि पावते. पण दोघांचें प्रमाण जुळलें नाहीं तर थंड होतांना माती तडकते. तें प्रमाण जुळविण्याची विद्या त्यांनीं साधली. आंत धातूचा आधार व बाहेर मातीचें रूप, अशीं टोपणें जगभर पसरलीं. पण हिरडीजवळ धातूची करडी रेघ दिसे. तेव्हां धातूवांचून टोपण हवें, ही मागणी कायमच राहिली. लंडनचे दंतवैद्य जॉन मॅक्लीन व त्यांचे सहकारी ह्यूज यांनीं १९६५ सालीं चिनी मातींत ॲल्युमिनाचे कण सुमारें निम्म्या प्रमाणांत मिसळून तिची शक्ति सुमारें दुप्पट केली. हे कण चिरेच्या वाटेंत धोंड्यांप्रमाणें आडवे येतात.

इकडे ताण डोळ्यांनीं पाहण्याचें साधनहि मिळालें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं स्कॉटलंडचे डेव्हिड ब्रूस्टर यांस असें आढळलें होतें कीं कांचेवर ताण किंवा दाब दिला व ध्रुवीकृत प्रकाशांतून पाहिलें, तर तींत रंगीत पट्टे उमटतात. जेथें ताण एकवटतो तेथें पट्टे दाटीनें गोळा होतात. नकाशावर डोंगराचा चढ दाखविणाऱ्या रेघा जशा कड्यापाशीं गर्दी करतात, तसेंच हें. पारदर्शक रेझिनचे दांत घडवून त्यांवर हा प्रयोग करण्यांत मिशिगन विद्यापीठाचे संशोधक अग्रेसर होते. फराह व क्रेग यांनीं १९७४ सालीं दाढेवरील पूर्ण टोपणाच्या तीन प्रकारच्या कडांची या रीतीनें तुलना प्रसिद्ध केली. हें विद्यापीठ ॲन आर्बर गांवीं आहे, म्हणजे लँडच्या डेट्रॉइटपासून सुमारें ४० मैलांवर. त्याच सुमारास दुसरें एक साधन हातीं आलें. दांताचें चित्र शेंकडों लहान तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्यावरील ताण संगणकानें काढावयाचा. रे क्लफ या अमेरिकन इंजिनिअरनें १९६० सालीं या रीतीस सान्त घटक पद्धति अशा अर्थाचें नांव दिलें होतें. विमानें व पूल यांसाठीं निघालेली विद्या मनुष्याच्या दाढेपर्यंत येऊन पोंचली.

या दोन्ही साधनांनीं एक गोष्ट स्पष्ट केली. भार दांताच्या मध्यावर सरळ खालीं आला, तर खांद्यावरील कड बहुतांशीं दाबाखालीं राहते. तोच भार तिरपा आला, तर एका बाजूची कड दाबली जाते व दुसऱ्या बाजूची ताणली जाते. आणि मनुष्य कांहीं उखळांत मुसळ घालावें तसा सरळ चावीत नाहीं. त्याचा जबडा जात्यासारखा बाजूसहि फिरतो. अर्थात् कडेची परीक्षा सरळ भारानें होत नाहीं, तिरप्या भारानें होते.

यानंतरचा इतिहास नवनव्या द्रव्यांचा आहे. १९८४ सालीं ओतीव कांचेंत स्फटिक उपजवून केलेलीं टोपणें आलीं. दिसावयास तीं मोहक, पण दाढांवर बरींच फुटलीं. १९९० च्या सुमारास ल्यूसाइट या स्फटिकानें बळकट केलेली कांच आली. १९९८ सालीं लिथियम डायसिलिकेटची कांच आली. तिची आजची सुधारलेली जात जुन्या चिनी मातीच्या पांच-सहापट बळकट आहे. मग आला झिर्कोनिया. याची शक्ति जुन्या मातीच्या दहापटीहून अधिक. १९७५ सालीं ऑस्ट्रेलियांतील गार्व्ही, हॅनिंक व पॅस्को या शास्त्रज्ञांनीं, याला चिनी मातीच्या कुळांतील पोलाद म्हणावें काय, अशा अर्थाचा प्रश्न आपल्या निबंधाच्या मथळ्यांतच विचारला होता. याचा गुण असा कीं चीर जवळ आली कीं तेथील स्फटिक आपला आकार बदलून किंचित् फुगतात आणि चिरेचें तोंड आवळून धरतात.

द्रव्य इतकें बळकट झाल्यावर कडेचा प्रश्न संपला असें कोणासहि वाटेल. तो संपला नाहीं. नॉर्वेमधील बर्गेन येथील ओइलो व येर्डेट यांनीं रोग्यांच्या तोंडांत प्रत्यक्ष फुटलेलीं २७ टोपणें मिळवून त्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले व आपला निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध केला. फुटलेल्या अंगावर चिरेच्या प्रवासाच्या खुणा राहतात. त्या उलट वाचीत गेलें म्हणजे आरंभस्थान सांपडतें, पावलांवरून चोर सांपडावा तसें. बहुतेक चिरांचें आरंभस्थान हिरडीजवळच्या कडेंत निघालें, आणि तेंहि विशेषतः शेजारच्या दांताच्या बाजूस, जेथें कड कमानीसारखी वर चढते. कपाचा टवका जेथें उडतो तेथेंच, श्रोतेहो! शंभर वर्षांत द्रव्य बदललें, भट्टी बदलली. दुबळें स्थान जागचें हललें नाहीं.

मग खांदा बरा कीं उतार बरा, याचा निकाल प्रयोगशाळेंत कां लागत नाहीं? प्रयोग पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांचीं उत्तरें परस्परविरोधी आहेत. कांहींत खांदा जिंकतो, कांहींत उतार. झिर्कोनियाच्या बाबतींत तर २००८ सालीं जर्मनींतील एका परीक्षेंत धारेच्या कडेवरील आच्छादनांनीं उतारावरील आच्छादनांहून अधिक भार सोसला. या गोंधळाचें एक मोठें कारण अमेरिकन संशोधक रॉबर्ट केली यांनीं १९९९ सालीं सांगितलें. प्रयोगशाळेंत टोपणावर पोलादी गोळा ठेवून तें चिरडतात. तेव्हां चीर गोळ्याखालीं, वरच्या पृष्ठावर सुरू होते. तोंडांतील टोपणें तशीं फुटत नाहींत. तीं आंतून किंवा कडेपासून, पुष्कळ कमी भारानें, वर्षानुवर्षांच्या चावण्यानें आणि ओलाव्यानें फुटतात. परीक्षेंत विचारलेला प्रश्न आणि आयुष्यांत येणारा प्रश्न हे भिन्न असले, म्हणजे परीक्षेंतील गुणांवरून आयुष्याचें भाकीत करतां येत नाहीं. आम्हां शिक्षकांना हें नवीन नाहीं.

आतां शेवटचा आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. १९५५ सालीं अमेरिकेंत रॉचेस्टर येथील मायकेल ब्यूनोकोर यांनीं असें दाखविलें कीं दांतावरील पांढरें कठीण कवच, ज्यास एनॅमल म्हणतात, तें सौम्य आम्लानें किंचित् खरखरीत केलें तर त्याला रेझिन घट्ट चिकटतें. १९८३ च्या सुमारास टोपणाचें आंतलें अंगहि आम्लानें तसेंच खरखरीत करण्याची रीत निघाली. तेव्हांपासून कांचेच्या जातीचें टोपण दांतावर नुसतें बसविलेलें राहिलें नाहीं. तें दांताशीं एकजीव करतां येऊं लागलें. एकजीव झालेल्या टोपणाचा भार दांतच उचलतो, आणि आंतल्या अंगाच्या चिराहि बुजतात. पण येथेंच मेख आहे. ही चिकटण उत्तम बसते ती एनॅमलवर. आणि हिरडीजवळ एनॅमल अगदीं पातळ होत गेलेलें असतें. तेथें रुंद खांदा कोरला, कीं टेकावयास पायरी मिळते पण चिकटावयास एनॅमल उरत नाहीं. शिवाय दांतांतील नस तितकी जवळ येते. टोपणाला आधार देण्यासाठीं दांताचाच आधार काढून घ्यावा, असा हा व्यवहार होतो.

म्हणून आजचा संकेत मध्यममार्गी आहे. कांचेच्या जातीच्या टोपणास सुमारें १ मिलिमीटरचा, कोन बोथट केलेला खांदा किंवा तसाच खोल उतार. झिर्कोनियास त्याच्या सुमारें निम्मा. कड कागदासारखी पातळ नको, कोठेंहि खांच नको, आणि खुंट आंखूड नको. यांतील एकहि गोष्ट द्रव्याच्या नांवावरून कळत नाहीं. ती कळते दंतवैद्याच्या हातावरून, आणि दांत किती उरला आहे यावरून.

आपण मात्र खुर्चीवर बसल्यावर प्रश्न विचारतों तो द्रव्याचा. सर्वांत मजबूत टोपण कोणतें, आणि किती वर्षांची हमी? इतिहास पाहतां विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. माझा दांत किती कोरणार, आणि कोरल्यावर किती राहील? लँडनें दांत मुळाशीं कापण्याची चाल मोडून खुंट उभा ठेवला, तेव्हां त्यानें याच प्रश्नाचें एक उत्तर दिलें होतें. त्याच्या टोपणाची माती कमकुवत होती, तीं पुष्कळ फुटलीं. पण त्याखालीं दांत शिल्लक होता, म्हणून दुसरें टोपण बसवितां आलें. टोपण फुटलें तर पुन्हां भाजतां येतें, दांत पुन्हां भाजतां येत नाहीं. कडेच्या या लहानशा पायरीवर जे वाद झाले, त्या सर्वांचें सार मला तरी एवढेंच दिसतें.